आधी ऊन, मग काठ, मग गाडी

मिनेसोटा राज्याच्या आग्नेय कोपऱ्यात, मिसिसिपीच्या काठावर विनोना हे पंचवीस-सव्वीस हजार वस्तीचं शहर आहे. मागे कडे, पुढे नदी आणि या दोहोंच्या मधल्या वाळूच्या सपाट पट्ट्यावर गाव. गावातून रेल्वेचा मुख्य मार्ग जातो. नदीपलीकडे विस्कॉन्सिन राज्य, आणि त्या काठानंही दुसऱ्या कंपनीचा मुख्य मार्ग जातो. म्हणजे एकाच खोऱ्यात दोन काठांना दोन लोहमार्ग, मधे नदी आणि दोन्हीकडे दीडशे-पावणेदोनशे मीटर उंचीचे कडे. रेल्वेचे आणि निसर्गाचे फोटो एकाच चौकटीत हवे असणाऱ्याला अमेरिकेच्या मधल्या राज्यांत याहून चांगली जागा शोधून सापडणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

तरीही इथे काढलेले बरेचसे फोटो कुठेही काढल्यासारखे दिसतात. कारण माणूस गाडीपासून सुरुवात करतो. वेळापत्रक पाहायचं, स्टेशन किंवा फाटक गाठायचं आणि इंजिन चौकटभर भरलं की बटण दाबायचं. तेच इंजिन नेब्रास्काच्या सपाट शेतातही तसंच दिसतं. या खोऱ्यात क्रम उलटा लावावा लागतो: आधी ऊन कुठून येतंय ते पाहायचं, त्यावरून काठ ठरवायचा, काठावरून उंची ठरवायची आणि मग गाडीची वाट पाहायची. गाडी चौकटीत लहान दिसली तर दिसू द्यावी.

हे कडे आले कुठून, हे आधी समजून घेतलं तर उभं कुठे राहायचं ते आपोआप कळतं. हिमयुगात या प्रदेशाच्या चहूबाजूंना बर्फाचे थर सरकत गेले, पण शेवटच्या हिमयुगात हा टापू त्यांच्याखाली आला नाही. आजूबाजूचा प्रदेश घासून सपाट झाला आणि हा तसाच खडबडीत राहिला. पुढे बर्फ वितळताना आलेल्या प्रचंड पाण्यानं चुनखडी आणि वालुकाश्म कापत हे खोरं खोल केलं. रेल्वे बांधणाऱ्यांना चढ नको होता, म्हणून त्यांनी रूळ कड्याच्या पायथ्याशी, पाण्यालगत टाकले. आपल्या खंडाळ्याच्या किंवा कसाऱ्याच्या घाटात गाडी डोंगर चढते, बोगद्यात शिरते, वळणावर दिसते. इथे ती चढत नाही. पाण्याच्या पातळीवर सरळ चालत राहते आणि डोंगर तिच्या डोक्यावर उभा असतो. घाटात वळणाच्या बाहेरच्या बाजूला उभं राहायची सवय असलेल्या छायाचित्रकाराला इथे वर चढून खाली पाहायची सवय लावून घ्यावी लागते.

दुसरा फरक तारांचा. महाराष्ट्रात आता जवळजवळ कुठल्याही लोहमार्गावर चौकटीत विजेचे खांब आणि तारा येतातच, त्या चुकवण्यातच अर्धी बुद्धी खर्च होते. इथे सगळी वाहतूक डिझेलवर आहे. रुळांवर आकाश मोकळं. त्यामुळे वरून, बाजूनं, खालून, हव्या त्या कोनातून गाडी पूर्ण दिसते, आणि डब्यावर डबा चढवलेल्या कंटेनरच्या उंच मालगाड्यासुद्धा अख्ख्या मिळतात.

विनोनाच्या बाजूचा मार्ग मूळचा मिलवॉकी रोड कंपनीचा. आज तो कॅनेडियन पॅसिफिक कॅन्सस सिटी, म्हणजे सीपीकेसीकडे आहे. ही कंपनी २०२३ साली दोन कंपन्यांच्या विलीनीकरणातून झाली. पलीकडचा मार्ग बर्लिंग्टन कंपनीचा. तो १८८६ साली सेंट पॉलपर्यंत पोचला आणि आज बीएनएसएफ या रेल्वे कंपनीकडे आहे. १९३५ साली या दोन कंपन्यांनी शिकागो ते सेंट पॉल-मिनियापोलिस अशा आपापल्या वेगवान गाड्या सुरू केल्या. एकीची ‘हायावाथा’, दुसरीची स्टेनलेस स्टीलची ‘झेफर’. नदीच्या दोन काठांवरून ती चढाओढ बरीच वर्षं चालली. आज विस्कॉन्सिनच्या काठावर प्रवासी गाडी उरलेली नाही. ॲमट्रॅक या अमेरिकेच्या प्रवासी रेल्वे कंपनीच्या गाड्या विनोनाच्या बाजूनंच जातात, आणि बीएनएसएफचा तो काठ पूर्णपणे मालगाड्यांचा आहे.

आता उन्हाकडे. नदी इथे ढोबळमानानं वायव्येकडून आग्नेयेकडे वाहते आणि रूळही तसेच. विनोना साधारण ४४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. हा एक आकडा पुण्या-मुंबईहून आलेल्या माणसानं मनात पक्का करावा. २१ डिसेंबरला मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंश वर असतो. विनोनात त्या दिवशी तो साडेबावीस अंशांच्या वर येतच नाही. म्हणजे हिवाळ्यात दिवसभर तिरपं, सोनेरी ऊन. भारतात आपण सकाळी आठला जो प्रकाश पकडायला धावतो तो इथे दुपारी बारालाही असतो. उन्हाळ्यात उलट: जूनमध्ये दुपारी सूर्य ६९ अंशांवर चढतो, इंजिनाच्या छपरावर ऊन आणि नाकाखाली काळोख. जून-जुलैत सकाळी दहा ते दुपारी चार कॅमेरा पिशवीत ठेवावा आणि जेवून घ्यावं.

सूर्य कुठे उगवतो हेही ऋतूप्रमाणे फार बदलतं. जूनच्या शेवटी तो ईशान्येला उगवतो आणि वायव्येला मावळतो. डिसेंबरात आग्नेयेला उगवून नैर्ऋत्येला मावळतो. रुळांची दिशा वायव्य-आग्नेय धरली की बाकीचं गणित सोपं आहे. सकाळी आग्नेयेकडे, म्हणजे शिकागोकडे जाणाऱ्या गाडीच्या तोंडावर ऊन पडतं. संध्याकाळी वायव्येकडे, सेंट पॉलकडे जाणाऱ्या गाडीच्या. सकाळी पाठ नदीच्या खालच्या अंगाला करून वरच्या अंगाकडे पाहायचं, संध्याकाळी उलट.

काठाचा नियमही याच्यातून निघतो. विस्कॉन्सिनचे कडे नैर्ऋत्येकडे तोंड करून आहेत, म्हणून त्यांच्यावर चढून खाली रूळ आणि पुढे नदी पाहायची ती सकाळी. दुपारनंतर सूर्य डोळ्यांत येतो आणि पाण्याची चांदी होऊन बाकी सगळं काळं पडतं. मिनेसोटाचे कडे ईशान्येकडे तोंड करून आहेत, म्हणून त्यांच्यावरून दुपारनंतर. इथवर बरेच जण पोचतात. नडते ती कड्याची सावली. ऊन पाठीमागून यायचं म्हणजे कड्याच्या मागून यायचं, आणि कडा स्वतः खालच्या रुळांवर सावली टाकतो. दीडशे मीटर उंच कड्याची सावली सूर्य तीस अंशांवर असताना २६० मीटर पसरते, वीस अंशांवर ४१० मीटर, दहा अंशांवर साडेआठशे मीटर. रूळ कड्याच्या पायथ्याला चिकटलेले असतील तर पहाटेचं सोनेरी ऊन पलीकडच्या काठावर पडलेलं दिसतं आणि गाडी मात्र निळ्या सावलीतून निघून जाते. म्हणून विस्कॉन्सिनच्या कड्यांवर उन्हाळ्यात सकाळी साडेआठ-नऊशिवाय रुळांवर ऊन उतरत नाही. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेला, म्हणजे खोऱ्याच्या लांबीतून उगवतो, तेव्हा सावली आडवी न पडता खोऱ्याच्या दिशेनं पडते आणि रूळ लवकर उजळतात. हिवाळ्यातली सकाळ इथे इतकी कामाची असते ती यामुळे.

विनोनाची सगळ्यांना माहीत असलेली उंच जागा म्हणजे गार्विन हाइट्स. शहरापासून सुमारे १७५ मीटर वर, थेट गाडीनं जाता येतं, कठडा आहे. खाली विनोना तलाव, त्यापलीकडे शहर, शहरातून जाणारे रूळ, मग नदी, मग विस्कॉन्सिन. तलाव म्हणजे नदीचाच जुना सुटलेला प्रवाह. ईशान्येकडे पाहायचं असल्यानं ही जागा दुपारची. स्टेशन इथून सुमारे दीड किलोमीटरवर आहे, आणि या अंतराचं गणित आधी केलेलं बरं. फुल-फ्रेम, म्हणजे ३६ मिमी रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्यावर २०० मिमी लेन्स लावली तर दीड किलोमीटरवर चौकटीची रुंदी २७० मीटर येते. एक इंजिन साधारण २२ मीटरचं, म्हणजे चौकटीचा बारावा हिस्सा. ‘एम्पायर बिल्डर’ ही शिकागो आणि सिॲटल-पोर्टलंडमधली गाडी इंजिनं आणि नऊ-दहा डबे धरून तीनशे मीटरच्या आसपास भरते. ती अख्खी हवी असेल तर १३५ मिमी पुरे, कारण तिथे चौकट चारशे मीटरची होते. ४०० मिमी लावली तर १३५ मीटर मिळतात: इंजिन, चार डबे आणि भोवतीची घरं. मला १३५ मिमीचा फोटो आवडतो. त्यात तलाव खाली राहतो, नदी वर राहते आणि गाडी मधून गाव शिवत जाते.

४०० मिमीला दुसरी अडचण आहे. दीड किलोमीटर हवेतून पाहताना उन्हाळ्याच्या दुपारी डांबर आणि छपरांवरून उठणारी गरम हवा चित्र थरथरवते. लेन्स कितीही महाग असली तरी ते धूसरपण जात नाही, आणि लोक उगीच फोकसला दोष देतात. ढगाळ दिवस, पाऊस पडून गेल्यानंतरचा तास किंवा सप्टेंबरनंतरची थंडी हाच उपाय. हिवाळ्यात तापलेल्या मोटारीच्या उघड्या खिडकीतून फोटो काढू नये, तिथेही हाच दोष येतो: आतली गरम हवा लेन्ससमोरून बाहेर पडते. आणि गार्विनवर सावलीचा हिशेब असा: सूर्य सात अंशांच्या खाली गेला की कड्याची सावली स्टेशनपर्यंत पोचते. डिसेंबरात हे मावळतीच्या साधारण पाऊण तास आधी होतं.

गावाच्या वायव्येला एकसष्ट नंबरच्या हमरस्त्यानं बारा मैलांवर जॉन ए. लॅच स्टेट पार्क आहे. तिथे फेथ, होप आणि चॅरिटी नावाचे तीन कडे आहेत; ही नावं वाफेच्या बोटींच्या कप्तानांनी दिलेली. चॅरिटीवर जायला अर्ध्या मैलाची वाट आहे, पण ती बहुतेक पायऱ्यांची आणि दमछाक करणारी. वर गेल्यावर खाली हमरस्ता, सीपीकेसीचे रूळ, नदी आणि पाच नंबरचा बंधारा एकाखाली एक दिसतात. तिपाई नेऊ नये, चढताना अडते आणि दिवसाच्या प्रकाशात लागतही नाही. पाणी मात्र न्यावं. पावसानंतर उतरताना जपून. पडायची वेळ चढताना येत नाही, उतरताना येते.

बंधाऱ्यांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण या खोऱ्यातल्या सर्वांत समृद्ध फोटोंचं रहस्य तिथे आहे. १९३०च्या दशकात अप्पर मिसिसिपीवर बंधारे आणि लॉक बांधले गेले ते जहाजवाहतुकीला कायम किमान नऊ फूट पाणी मिळावं म्हणून. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली पाण्याची पेटी. बोट आत घ्यायची, पाणी भरून किंवा सोडून तिला पुढच्या पातळीला न्यायचं. इथल्या लॉकची लांबी ६०० फूट आणि रुंदी ११० फूट आहे. नदीवरून धान्य नेणारा पूर्ण ताफा मात्र पंधरा बार्जचा, म्हणजे सपाट तळाच्या, स्वतःचं इंजिन नसलेल्या मालवाहू नावांचा असतो, तीन-तीनच्या पाच रांगा, आणि मागून ढकलणारी बोट. प्रत्येक बार्ज १९५ फूट लांब. पाच रांगांचेच ९७५ फूट झाले. लॉकमध्ये मावत नाहीत. म्हणून ताफा तोडतात: पुढच्या तीन रांगा आधी पार करतात, मग उरलेल्या दोन आणि बोट, मग पलीकडे पुन्हा तारांनी बांधतात. या सगळ्याला दीड-दोन तास जातात. फोटोग्राफरला एवढं पुरे. बोट आणि गाडी एका चौकटीत यावी यासाठी नशीब लागतं असं वाटतं, पण ताफा लॉकला लागलेला असेल तर बोट दीड-दोन तास जागेवर आहे, आणि तेवढ्या वेळात बीएनएसएफच्या काठावर मालगाडी येण्याची शक्यता चांगली असते. कोणत्या लॉकला कोणती बोट लागली आहे ते अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाच्या संकेतस्थळावर दिसतं. रोज सकाळी ते पाहून दिवस ठरवावा. डिसेंबर ते मार्चच्या मध्यापर्यंत नदी गोठलेली असते, तेव्हा बार्ज नाहीत.

यासाठी सगळ्यात उत्तम जागा विस्कॉन्सिनच्या काठावर, विनोनापासून सुमारे तीस मैल वर असलेलं आल्मा हे गाव. कडा आणि रूळ यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत दोन लांब रस्ते, एवढंच गाव. त्याच्या डोक्यावर ब्युएना व्हिस्टा नावाचं उद्यान आहे, गाडीनं वर जाता येतं. कठड्यापाशी उभं राहिलं की थेट खाली गावाची छपरं, बीएनएसएफचे दोन रूळ, चार नंबरचं लॉक आणि बंधारा, आणि त्यापलीकडे बेटाबेटांतून पसरलेली मिसिसिपी. सकाळी नऊ ते अकरा ही इथली वेळ. नदीच्या वरच्या अंगाकडे, उजवीकडे पाहावं. शिकागोकडे जाणारी गाडी तोंडावर ऊन घेऊन येते. डावीकडे वीजकेंद्राची उंच चिमणी चौकटीत येते. काहींना ती खुपते. मला वाटतं ती ठेवावी, कारण नदी, कोळसा, रेल्वे आणि वीज ही या काठाची एकच गोष्ट आहे, आणि चिमणी कापून टाकली की ती अर्धीच राहते.

खालच्या अंगाला ट्रेंपेलो गावाजवळ पेरो स्टेट पार्क आहे. तिथला ब्रेडीज ब्लफ हा कडा नदीपासून सुमारे १६० मीटर उंच. पायथ्याशी रूळ, आणि बाजूला पाण्यानं वेढलेला ट्रेंपेलो डोंगर. मोटार आत न्यायला विस्कॉन्सिनचा प्रवेशपास काढावा लागतो. इथे उन्हाळ्यात झाडीनं रूळ बरेच झाकले जातात. पानं गळल्यावर जावं.

ऋतूंत माझी पहिली पसंती सप्टेंबरच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. रंग बदललेल्या पानांसाठी तर खरंच, पण त्याहून जास्त धुक्यासाठी. रात्र निरभ्र, वारा नाही, हवा गार आणि पाणी अजून उन्हाळ्याची ऊब धरून: असं जुळलं की पहाटे खोऱ्यात धुकं भरतं आणि कडे वर मोकळे राहतात. आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज पाहताना वाऱ्याचा वेग आणि दवबिंदू पाहावा. किमान तापमान दवबिंदूच्या जवळ जात असेल आणि वारा जवळजवळ शून्य असेल तर गजर लावावा. धुकं रुळांवरून उठायला साधारण नऊ वाजतात. उठायच्या आधीच्या वीस मिनिटांत ते फाटायला लागतं, गाडीचा दिवा आधी दिसतो आणि मग इंजिन. कॅमेऱ्याचं प्रकाशमापक धुक्याला राखाडी करतं, म्हणून दोन तृतीयांश ते एक स्टॉप वाढवून घ्यावं (एक स्टॉप वाढवला की प्रकाश दुप्पट, कमी केला की निम्मा). फोकस आपोआप होत नाही. दूरच्या एखाद्या सिग्नलच्या खांबावर हातानं लावून ठेवावा.

झाडांचे रंगही दोन्ही काठांना सारखे नसतात. विस्कॉन्सिनच्या नैर्ऋत्य उतारांवर ऊन जास्त, माती कोरडी, म्हणून माथ्याजवळ झाडं नसलेले गवताचे तुकडे आहेत. ऑक्टोबरात ते गवत तांबूस होतं. मिनेसोटाच्या ईशान्य उतारांवर ओल टिकते, तिथे मेपल आणि ओकची दाट झाडी. म्हणून लाल-पिवळा डोंगर हवा तर मिनेसोटाचा, आणि तांबूस गवत, उघडा खडक आणि खाली नारिंगी इंजिन हवं तर विस्कॉन्सिनचा.

नारिंगीवरून आठवलं. बीएनएसएफची इंजिनं नारिंगी आणि सीपीकेसीची लाल, आणि हे दोन्ही रंग तिरप्या उन्हात डिजिटल कॅमेऱ्याला चकवतात. कॅमेऱ्यातला उजेडाचा एकत्रित आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, ठीक दिसतो, पण त्यातला लाल रंगाचा आलेख उजव्या भिंतीला आदळलेला असतो. मग इंजिनाच्या बाजूवर पत्र्याचे सांधे, अक्षरांच्या कडा, धुळीचे ओघळ काहीच राहत नाही, नुसता सपाट रंग उरतो. तिन्ही रंगांचे वेगळे आलेख दाखवणारी सोय चालू ठेवावी आणि एक तृतीयांश ते दोन तृतीयांश स्टॉप कमी घ्यावं. फाइल रॉ, म्हणजे कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेली असावी. सावली नंतर उजळता येते. गेलेला लाल रंग परत येत नाही.

शटरचा वेग किती हा प्रश्न नेहमी येतो. प्रवासी गाड्यांची इथली कमाल गती ताशी ७९ मैल, म्हणजे सेकंदाला ३५ मीटर. एक हजारांश सेकंदात गाडी साडेतीन सेंटिमीटर पुढे जाते, अडीचशेव्या भागात चौदा सेंटिमीटर. आडव्या जाणाऱ्या गाडीला जवळून हजारच्या खाली जाऊ नये. समोरून येणाऱ्या गाडीला किंवा दीड किलोमीटरवरून पाचशे पुरतो. मिररलेस कॅमेऱ्याचं मूक, इलेक्ट्रॉनिक शटर मात्र इथे बंद ठेवावं. बऱ्याच कॅमेऱ्यांत ते सेन्सर वरून खाली वाचायला तिसाव्या भाग सेकंदाच्या आसपास वेळ घेतं. तेवढ्यात गाडी एक मीटरहून जास्त पुढे गेलेली असते, आणि डब्यांचे उभे कोपरे तिरके होतात. पडद्यावर लगेच लक्षात येत नाही, घरी आल्यावर दिसतं.

इंजिन गेलं की कॅमेरा खाली ठेवायची घाई नको. दोन मैल लांबीची मालगाडी ताशी चाळीस मैलांनी जायला तीन मिनिटं घेते, आणि बऱ्याचदा तिच्या मधे किंवा शेवटी रेडिओवर चालणारं, चालक नसलेलं आणखी एक इंजिन असतं. कडा, वळण आणि शेवटचं इंजिन हा फोटो पुष्कळदा पुढच्या इंजिनापेक्षा चांगला होतो, कारण तोवर प्रकाश मोजून झालेला असतो आणि हात स्थिर झालेला असतो. मालगाड्यांना जाहीर वेळापत्रक नाही. त्या कळतात सिग्नलवरून, फाटकाच्या भोंग्यावरून (लांब, लांब, आखूड, लांब) आणि रेडिओवरून. अमेरिकी रेल्वेचं बोलणं १६० ते १६१ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात असतं. रुळांलगतची यंत्रं गाडी गेली की चाकं तपासून मैलाचा आकडा आणि आसांची संख्या बोलून दाखवतात. तो आकडा नकाशावर टाकला की गाडी कुठे आहे ते समजतं.

प्रवासी गाड्या थोड्याच. ‘एम्पायर बिल्डर’ शिकागोकडे जाताना सकाळी दहा-अकराच्या सुमाराला विनोनाला येते, पण ती प्रशांत किनाऱ्यापासून सुमारे २,२०० मैलांच्या मार्गावर धावते, म्हणून उशीर गृहीत धरावा. परतीची संध्याकाळी उशिरा: जूनमध्ये तिच्यावर मावळतीचं ऊन असतं, डिसेंबरात काळोख. २१ मे २०२४ पासून ‘बोरिॲलिस’ ही सेंट पॉल-शिकागो गाडी सुरू झाली, आणि तिनं फोटोग्राफरांचं मोठं काम केलं: दुपारी शिकागोकडे एक फेरी, चारनंतर सेंट पॉलकडे एक. हिवाळ्यात गार्विन हाइट्सवरून उन्हात मिळणारी प्रवासी गाडी म्हणजे ही दुपारची. वेळा बदलतात, ॲमट्रॅकच्या ॲपवर गाडी प्रत्यक्ष कुठे आहे ते पाहूनच निघावं.

नोव्हेंबर हा पक्ष्यांचा. १९२४ साली स्थापन झालेलं अप्पर मिसिसिपी अभयारण्य वाबाशापासून रॉक आयलंडपर्यंत २६१ मैल पसरलेलं आहे, आणि पाणी गोठेपर्यंत हजारो टुंड्रा हंस इथे उतरतात. मिनेसोटाच्या काठावर, ला क्रेसेंटच्या दक्षिणेला ब्राउन्सव्हिलजवळ रस्त्यालगत हंस पाहण्याचे थांबे आहेत. रस्ता आणि पाणी यांच्या मधून सीपीकेसीचे रूळ जातात. पूर्वेकडे पाहायचं, म्हणून दुपारनंतर. पांढरे पक्षी आणि काळपट पाणी यांत मोजमाप पक्ष्यांच्या पिसांवर करावं आणि गाडी थोडी गडद राहू द्यावी. ड्रोन नको: राष्ट्रीय अभयारण्याच्या हद्दीत तो उडवायला किंवा उतरवायला बंदी आहे, आणि बंदी नसती तरी हंसांचा थवा उठवणं चूकच.

कडाक्याच्या थंडीत, उणे वीस अंशांत, बॅटरी निम्म्याहून कमी टिकते. दुसरी आतल्या खिशात अंगाला लावून ठेवावी आणि आलटूनपालटून वापरावी. बर्फावर एक ते सव्वा स्टॉप वाढवावं. परत मोटारीत बसण्याआधी, बाहेरच, कॅमेरा झिपच्या पिशवीत बंद करावा. तसाच आत नेला तर उबदार दमट हवा लेन्सवर, आणि वाईट म्हणजे आतल्या काचांवरही, पाणी होऊन बसते. कॅमेरा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत, तास-दोन तास, पिशवी उघडू नये. कार्ड आधी काढून घ्यावं, म्हणजे उघडायचा मोह होत नाही. उन्हाळ्यात त्रास वेगळा: वाटांवर गोचिडी, अंगाला खाज आणणारी पॉयझन आयव्ही आणि उन्हात कातडी जाळणारं रानटी पार्सनिप. लांब पँट, मोज्यात खोचलेली. जुलैच्या काही रात्री नदीतून मेफ्लाय नावाचे उडते किडे एवढ्या संख्येनं उठतात की ला क्रॉसच्या हवामान कार्यालयाच्या रडारवर त्यांचे ढग दिसतात. अशा रात्री दिव्याखाली उभं राहून गाडीचे फोटो काढता येत नाहीत.

रुळांच्या हद्दीबद्दल तडजोड नाही. अमेरिकेत रूळ आणि त्यांच्या दोन्ही बाजूंची पट्टी कंपनीची खासगी जागा असते, तिथे शिरणं गुन्हा आहे. गाडी रुळांच्या दोन्ही बाजूंना किमान तीन फूट बाहेर असते, आणि नदीकाठच्या वाऱ्यात येणारी गाडी ऐकू येईलच असं नाही. एका रुळावरची गाडी पाहताना दुसऱ्यावरची लक्षात न येणं ही दुहेरी मार्गावरची खरी भीती. या खोऱ्यात रस्ते, उद्यानं आणि कडे यांवरून सगळं मिळतं. रुळांवर पाय ठेवून मिळेल असा एकही फोटो इथे नाही जो वरून अधिक चांगला येत नाही.

मिनियापोलिसला आणि रोचेस्टरला नोकरीसाठी आलेली मराठी मंडळी बरीच आहेत. रोचेस्टरहून विनोना तासाभरावर, मिनियापोलिसहून दोन-सव्वादोन तासांवर. एकच दिवस मिळत असेल तर ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यातला, आदल्या रात्री निरभ्र आकाश असलेला धरावा. उजाडायच्या आत आल्मा गाठावं, धुकं फाटेपर्यंत आणि पुढे अकरापर्यंत ब्युएना व्हिस्टावरच राहावं. मग विस्कॉन्सिनच्या पस्तीस नंबरच्या रस्त्यानं फाउंटन सिटीमार्गे खाली यावं, विनोनाच्या पुलावरून नदी ओलांडावी, जेवावं आणि एकपर्यंत गार्विन हाइट्सवर पोचावं. ‘बोरिॲलिस’ गेल्यावर लॅच पार्क. पायऱ्या चढायला अर्धा तास धरून तीनपर्यंत वर. तिथून सावली रुळांवर उतरेपर्यंत वेळ असतो. पेरो आणि ब्राउन्सव्हिल त्याच दिवसात कोंबू नयेत. ते दोन्ही नोव्हेंबरातल्या दुसऱ्या फेरीला ठेवावेत: पेरो सकाळी, ब्राउन्सव्हिल दुपारी, मधे ला क्रॉसला जेवण.